डबा, बिल आणि *#०६#: धानोऱ्यात जुना फोन घेण्या-विकण्याची कृती

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोऱ्यात मोबाईलच्या दुकानांना दोन हंगाम असतात. तेंदूपत्ता संकलनाच्या फळीचे पैसे हाती आले की जूनच्या तोंडावर एक, आणि धानाचे चुकारे खात्यात पडले की हिवाळ्यात दुसरा. दोन्ही वेळी काउंटरवर दोन प्रकारची माणसं दिसतात. एक नव्या फोनचा डबा फोडत असतो, आणि त्याच्याच बाजूला दुसरा गेल्या वर्षी असाच फोडलेला फोन विकायला घेऊन उभा असतो.

"किती देता जी?"

दुकानदार फोन पालथा करतो, चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारतो, डिस्प्लेच्या कडेवरून नख फिरवतो. "पाच हजार."

"चौदाचा हाये जी! दिवाळीतच घेतला."

"असन काका. पण नवाच आता अकराला भेटते."

हा अकराचा आकडाच सगळं ठरवतो. तुम्ही फोन कितीला घेतला याच्याशी जुन्या बाजाराला काही देणंघेणं नाही. तसाच नवा आज कितीला मिळतो, तिथून खाली मोजायला सुरुवात होते. आणि नव्याचा भाव टिकत नाही, कारण नव्याला पूर्वीइतकं गिऱ्हाईक राहिलेलं नाही. बाजार मोजणाऱ्या आयडीसी या संस्थेच्या हिशेबाने २०२१ मध्ये कंपन्यांनी भारतात सुमारे १६ कोटी १० लाख स्मार्टफोन बाजारात उतरवले. पुढच्या वर्षी तो आकडा १४ कोटी ४० लाखांवर घसरला. २०२३ मध्ये १४ कोटी ६० लाख, २०२४ मध्ये १५ कोटी १० लाख. म्हणजे तीन वर्षांनीही २०२१ ची पातळी गाठता आली नाही. जगातही २०२३ साली सुमारे ११७ कोटीच फोन उतरले, दहा वर्षांतला तो नीचांक होता. कारण साधं आहे. चार वर्षांपूर्वीच्या फोनवर व्हॉट्सॲप चालतं, यूट्यूब चालतं, यूपीआय चालतं. मग माणूस कशाला बदलेल? माल पडून राहिला की कंपनी सूट देते, सेलमध्ये बँकेची सूट निघते, एक्स्चेंजचा बोनस निघतो. डब्यावर छापलेली किंमत कुणीच देत नाही, ती फक्त छापलेली असते.

त्यात कराची भर. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे, आधी तो १२ होता. ११,८०० रुपयांच्या फोनमधले १,८०० रुपये सरकारचे. दुकानाबाहेर पाऊल टाकलं की ते गेले, विकताना ते कुणी तुम्हाला भरून देत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात ५जी सुरू झाल्यापासून ४जी फोनचा भाव आणखी पडला, मग गावात ५जीचा टॉवर असो वा नसो.

२०२५ च्या अखेरीपासून मेमरीच्या चिप महागल्या आणि नवे फोन थोडे चढले. त्यामुळे जुन्या फोनला जरा आधार मिळाला आहे. पण तेवढ्या भरवशावर नवा फोन म्हणजे ठेव समजू नये. माझा सल्ला असा की नवा फोन घेताना पुढे विकून किती येतील हा आकडा शून्य धरा. जे येईल ते वरचं. आता कृतीकडे वळू.

आधी कागदावर गणित

दुकानात जाण्यापूर्वी घरी वहीच्या पानावर तीन ओळी लिहा: किती देणार, किती महिने वापरणार, शेवटी किती येतील. पहिल्यातून तिसरा वजा करा आणि दुसऱ्याने भागा. महिन्याला फोन कितीला पडतो ते कळेल.

समजा नवा फोन १५,००० चा. तीन वर्षं वापरला आणि २,५०० ला विकला, तर १२,५०० भागिले ३६, म्हणजे महिन्याला साधारण ३४७ रुपये. तोच फोन वर्षभरात कंटाळून ७,५०० ला काढला, तर महिन्याला ६२५. आता जुना घ्या: ८,००० चा, वर १,२०० रुपयांची बॅटरी, दोन वर्षं वापर, शेवटी १,५०० ला विक्री. ७,७०० भागिले २४, महिन्याला साधारण ३२१.

बारकाईने बघा. जुना आणि नीट वापरलेला नवा यांत महिन्याला पंचवीस-तीस रुपयांचाच फरक आहे. खरा खड्डा पडतो तो दरवर्षी फोन बदलणाऱ्याच्या खिशाला. म्हणून नवा घ्यायचाच असेल तर तीन-चार वर्षं काढायच्या तयारीने घ्या. जुना घ्यायचा असेल तर तो नव्याच्या आजच्या भावाच्या निम्म्याहून फार वर जाता कामा नये. गेला, तर नवाच बरा. निदान वर्षभराची वॉरंटी तरी हाती राहते.

याच पानावर रिचार्जही लिहून टाका. जुलै २०२४ मध्ये जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला. २८ दिवसांचा म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. १३ गुणिले २९९, वर्षाचे ३,८८७. महिन्याला ३२४ रुपये, म्हणजे वरच्या गणितातल्या फोनच्या खर्चाइतकेच. घरात तीन फोन असतील तर चौथा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलण्याआधी हा आकडा बघावा.

कधी घ्यायचा, कधी विकायचा

मोठे ऑनलाइन सेल दसरा-दिवाळीच्या आधी लागतात. त्या दिवसांत नव्याचा भाव पडतो आणि एक्स्चेंजमध्ये गेलेले जुने फोन त्यानंतर बाजारात येतात. तेव्हा विकणाऱ्याने सेलच्या आधी विकावा आणि घेणाऱ्याने दिवाळीनंतर घ्यावा. धानोऱ्यापुरतं सांगायचं तर विकायला जून चांगला: फळीचे पैसे फिरत असतात, शाळा-कॉलेज उघडतात, गिऱ्हाईक स्वतःहून विचारत येतं. हिवाळ्यात चुकारे मिळाले की घेणाऱ्यानेही घाई करू नये. चुकारे सगळ्यांनाच मिळालेले असतात, आणि दुकानदाराला ते माहीत असतं.

कागद जुळवा

फोन हातात घेतल्यावर कॅमेरा उघडून बघण्याचा मोह होतो. तो आवरा. आधी कागद.

डायल करा *#०६#. स्क्रीनवर पंधरा आकडी आयएमईआय नंबर येतो, दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात. हाच नंबर डब्याच्या स्टिकरवर हवा, बिलावर हवा आणि सेटिंगमध्ये फोनच्या माहितीतही हवा. चारही ठिकाणी एकच. शेवटचे चार आकडे बघून सोडू नका, सगळे पंधरा वाचा. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने बोट ठेवून जुळवायचे.

मग मेसेज लिहा: केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक मोकळी जागा आणि आयएमईआय नंबर. पाठवा १४४२२ वर. केंद्राच्या दूरसंचार विभागाची ही सोय आहे. हेच काम संचार साथी पोर्टलवर किंवा ॲपवरही होतं. पोर्टल मे २०२३ मध्ये सुरू झालं, ॲप जानेवारी २०२५ मध्ये. उत्तरात फोनची कंपनी आणि मॉडेल येतं. हातातला फोन एका कंपनीचा आणि उत्तरात दुसऱ्याच कंपनीचं नाव, तर कुणीतरी नंबर बदललेला आहे. फोन काळ्या यादीत आहे, नंबर डुप्लिकेट आहे किंवा आधीच वापरात आहे, असं उत्तर आलं तरी फोन काउंटरवर ठेवायचा आणि निघायचं. "साहेब, ते सिस्टीमचं आहे, दोन दिवसांत निघते" हे ऐकून घेऊ नका.

हा फुकटचा बाऊ नव्हे. चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला कारण असताना, तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. डबा नाही, बिल नाही, भाव मात्र अर्धा, असा फोन कुणी बसस्टँडवर दाखवत असेल तर तो स्वस्त का आहे, हे तुम्हाला कळलं पाहिजे.

बिल हरवलं असेल आणि माणूस ओळखीचा असेल तर एक चिठ्ठी करून घ्या. तारीख, दोन्ही आयएमईआय, किंमत, "हा फोन माझा आहे व मी तो विकला" एवढं एक वाक्य, विकणाऱ्याची सही, आणि ओळखपत्राची झेरॉक्स. आधार देणार असाल तर आकडे झाकलेली प्रत द्या. भाचा असला, साळा असला तरी चिठ्ठी करा. नात्यात चिठ्ठी मागायला लाज वाटते, पण पोलीस विचारायला येतात तेव्हा नातं नाही, कागद बघतात.

दोन कुलपं

एक गुगल खात्याचं, दुसरं फायनान्सचं.

अँड्रॉइड फोनमध्ये आधीच्या मालकाचं गुगल खातं राहिलं आणि फोन बटणं दाबून उडवला, तर सुरू होताना तो जुनाच ईमेल आणि पासवर्ड मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून केलेली ही सोय आहे, पण भोळा खरेदीदार तिच्यात अडकतो. म्हणून विकणाऱ्याला समोर बसवा. त्याने सेटिंगमध्ये जाऊन खातं काढायचं, मग सेटिंगमधूनच फोन रीसेट करायचा. सुरू झाल्यावर तुमचं खातं टाकून बघा. आधीचा ईमेल मागितला नाही तर पैसे द्या. आयफोन असेल तर "फाइंड माय" बंद करून ॲपल खात्यातून तो काढून घ्यावा लागतो. विकणारा पेंढरीत आणि फोन धानोऱ्यात त्याच्या मित्राकडे, असा व्यवहार असेल तर विकणारा येईपर्यंत थांबा.

दुसरं कुलूप हप्त्यांचं. हप्त्यावर घेतलेल्या काही फोनमध्ये फायनान्स कंपनीचं ॲप बसवलेलं असतं. हप्ता थकला की फोन लॉक होतो, मग तो तुम्ही रोखीने विकत घेतलेला का असेना. सेटिंगच्या सुरक्षा विभागात डिव्हाइस ॲडमिन ॲप्सची यादी असते, ती उघडा. रीसेटनंतर "हे डिव्हाइस संस्थेच्या मालकीचं आहे" अशी ओळ दिसली तर समजा कुलूप आहे. बिलावर फायनान्सचं नाव असेल तर कर्ज फिटल्याचा दाखला मागा. "शेवटचा एकच हप्ता बाकी हाये" असं म्हणाला तर तो भरून या म्हणावं.

उन्हात बघा

दुकानातल्या पांढऱ्या उजेडात प्रत्येक डिस्प्ले चांगला दिसतो. फोन बाहेर न्या.

ब्राइटनेस पूर्ण करा आणि कोरा पांढरा फोटो उघडा. रेषा, पिवळट डाग, कडेला काळी सावली दिसते का बघा. मग एखादा आयकॉन दाबून धरा आणि बोट न उचलता स्क्रीनभर फिरवा, वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांतसुद्धा. जिथे आयकॉन सुटतो तिथला टच मेलेला. सॅमसंगचा फोन असेल तर *#०*# डायल केल्यावर तपासणीचं पानच उघडतं: लाल, हिरवा, निळा रंग, टच, स्पीकर, सेन्सर सगळं एका जागी.

डिस्प्ले बदललेला आहे का हे ओळखायला थोडी नजर लागते. कॉपी डिस्प्ले निळसर मारतो, काच आणि फ्रेम यांच्या सांध्यावर नख अडकतं, आपोआप कमी-जास्त होणारा उजेड बिघडतो, आणि स्क्रीनखालचा अंगठा बहुधा चालेनासा होतो. बदललेला डिस्प्ले म्हणजे फोन टाकाऊ असं नाही. पण भाव पाडायला ते सगळ्यात मोठं कारण आहे, कारण स्वस्त फोनमध्ये ओरिजिनल कॉम्बोचा, म्हणजे काचेसकट डिस्प्लेचा, खर्चच जुन्या फोनच्या निम्म्या किमतीपर्यंत जातो.

आता सिमचा ट्रे काढा आणि आत टॉर्च मारा. अनेक फोनमध्ये तिथे पाणी ओळखणारी एक छोटी पांढरी टिकली असते. ती लाल किंवा गुलाबी झाली असेल तर फोनमध्ये पाणी गेलेलं आहे. या भागातल्या पावसाळ्यात रोवणी करताना फोन कमरेला खोचलेला असतो, त्यामुळे ही टिकली बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. विकणारा सांगेल, "तांदळाच्या डब्यात ठेवला होता, वाळला." तांदूळ फोनमधलं पाणी शोषत नाही, उलट त्याची पूड चार्जिंगच्या भोकात बसते. ॲपलने २०२४ साली आपल्या ग्राहकांना असं करू नका म्हणून स्पष्ट सांगितलं. पाणी गेलेला फोन आज चालतो, दोन महिन्यांनी पॉइंट गंजतात.

चार्जर लावून पिन हलकी हलवा. चार्जिंग तुटत असेल तर पोर्ट गेलेला. हा खर्च लहान आहे, भावात कापून घ्या. एक कॉल करा: आवाज येतो का, समोरच्याला तुमचा ऐकू जातो का. रेकॉर्डिंग करून ऐका. दोन्ही कॅमेरे, अंगठा, व्हायब्रेशन, वायफाय. या गोष्टींना पाच मिनिटं पुरतात.

जीपीएसला मात्र वेळ द्या. शहरातल्या माणसाला ते नसलं तरी चालतं, इथे चालत नाही. ई-पीक पाहणी ॲपवर शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो आणि फोनला आपण कुठे आहोत ते नीट कळलं नाही तर नोंद अडते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या सामूहिक कामांची हजेरीही ॲपवर, जागेच्या फोटोसह घेतात. म्हणून उघड्या आवारात उभे राहा, नकाशा उघडा, निळा ठिपका तुमच्या जागेवर येऊन स्थिर होतो का बघा. तो मिनिटभर फिरतच राहिला किंवा शेजारच्या गल्लीत जाऊन बसला, तर हा फोन शेतकऱ्याच्या किंवा हजेरी घेणाऱ्या मेटच्या कामाचा नाही.

बॅटरी आणि मेमरी

पाचशे ते आठशे वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर बॅटरीची ताकद साधारण ८० टक्क्यांवर येते. दुकानात अर्धा तास मिळाला तर असं करा: टक्केवारी बघून ठेवा, ब्राइटनेस पूर्ण करा, फोनमध्ये साठवलेला व्हिडिओ लावा आणि समोरच्या टपरीवर चहा घ्या. अर्ध्या तासात पाच-सहा टक्के उतरणं ठीक. दहाच्या वर उतरलं तर बॅटरी थकलेली समजा आणि नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापा. टक्के एकदम ४० वरून २२ वर उडी मारत असतील तरी तेच. फोन टेबलावर पाठीवर ठेवल्यावर हलत असेल किंवा मागचं झाकण कडेने उचललं गेलं असेल, तर बॅटरी फुगलेली आहे. असा फोन घेऊ नका, आणि स्वतःचा असेल तर चार्जिंगला लावू नका, टोचून बघू नका.

रॅम चार जीबीच्या खाली नको. "चार अधिक चार" असं सांगणारे दुकानदार आहेत. त्यातले दुसरे चार म्हणजे स्टोरेजमधून उसने घेतलेले, ते मोजू नयेत. कमी रॅमने काय होतं याचा महाराष्ट्राला अनुभव आहे. सरकारने दिलेले दोन जीबी रॅमचे फोन तापतात, अडकतात, अंगणवाडीच्या नोंदींच्या पोषण ट्रॅकर ॲपचं ओझं त्यांना पेलत नाही, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी ते परत करण्याचं आंदोलन केलं. तेच दोन-तीन जीबीचे फोन आजही जुन्या बाजारात "चालू कंडिशन" म्हणून फिरतात.

सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती वर्ष-दीड वर्ष जुनी असेल तर कंपनीने त्या फोनकडे पाठ फिरवली आहे. महागड्या फोनना आता सात वर्षं अपडेट देण्याचं वचन मिळतं; स्वस्तातल्या बऱ्याच फोनना दोन-तीन वर्षांवर काही मिळत नाही. अपडेट थांबलेल्या फोनवर व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण ज्या खात्यात तेंदूचे आणि धानाचे पैसे येतात ते त्यावर उघडणं मला पटत नाही.

शेवटची परीक्षा गावात

धानोऱ्याच्या चौकात चार काड्या दिसल्या म्हणून फोन मुरुमगावात किंवा रांगीत लागेलच असं नाही. तुमच्या गावात ज्या कंपनीचा टॉवर आहे तिचं सिम खिशात घेऊनच दुकानात जा. बीएसएनएलचं ४जी असेल तर फोनमध्ये बँड २८ आणि बँड १ आहेत का ते मॉडेलच्या माहितीत बघून घ्या, आणि व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल लागण्याची सोय, चालू होतं का ते सेटिंगमध्ये. २७ सप्टेंबर २०२५ ला बीएसएनएलचं स्वदेशी ४जी देशभर सुरू झालं खरं, पण जुन्या फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असेलच असं नाही. मग इंटरनेट येतं, कॉल मात्र २जीवर घसरतो. दुकानदार ओळखीचा असेल तर पाचशे रुपये बयाणा देऊन फोन एक रात्र घरी न्या. अंगणातून कॉल लावा, आतल्या खोलीतून लावा, बांधावरून लावा. ज्याला फोनची खात्री आहे तो एका रात्रीला नाही म्हणत नाही.

भाव

नव्याचा आजचा भाव, बँकेची सूट धरून, फोनवरच शोधून काउंटरवर ठेवा. त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि एकेक उणीव पैशांत सांगा: बॅटरी हजार-बाराशे, पोर्ट दोन-तीनशे, डिस्प्ले बदललेला म्हणून इतके, डबा नाही म्हणून इतके. "जरा कमी करा ना" याने काही होत नाही. उणिवेला आकडा जोडला की होतं. पैसे यूपीआयने देत असाल तर नोंदीत "जुना मोबाईल" आणि आयएमईआयचे शेवटचे आकडे टाका. नेटवर्क गेलं आणि रोख द्यावी लागली तर चिठ्ठीवर सही झाल्याशिवाय नोटा मोजू नका.

तुम्हीच विकत असाल तर

वरचं सगळं उलटं वाचा: समोरचा काय शोधणार ते आधी दुरुस्त करा किंवा आधीच सांगून टाका. डबा, बिल, मूळ चार्जर यांनी भाव चढतो, म्हणून नवा फोन घेतल्या दिवशीच डबा माळ्यावर टाका आणि बिलाचा फोटो ईमेलवर पाठवून ठेवा. थर्मल कागदावरचं बिल सहा-आठ महिन्यांत पांढरं पडतं. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलं तर त्याहून लवकर.

द्यायच्या आधीचा क्रम चुकवू नका. फोटो आणि नंबर गुगलवर चढवा. व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या. यूपीआय ॲपमधून खातं काढा, बँकेच्या ॲपमधून बाहेर पडा, गॅलरीत आधारचे, सातबाराचे फोटो असतील ते पुसा. मग गुगल खातं काढा, मग सेटिंगमधून रीसेट. सिम आणि मेमरी कार्ड सगळ्यात शेवटी काढायचं ठरवलं की तेच विसरतं, म्हणून ते आधी काढून खिशात टाका; फक्त ओटीपी लागणारी कामं त्याआधी उरका. फार जुना फोन असेल, अँड्रॉइड १० च्या आधीचा, तर रीसेटनंतरही पुसलेला मजकूर कधी कधी परत काढता येतो. अशा वेळी रीसेट करून पूर्ण स्टोरेज भरेल एवढा निरर्थक व्हिडिओ, जमिनीचा वगैरे, काढा आणि पुन्हा रीसेट करा.

विकायचा कुठे? धानोऱ्यातलं दुकान झटपट पैसे देतं, पण कमी देतं, कारण फोन पडून राहिला तर त्याचे पैसे अडकतात. गडचिरोलीत साधारण पस्तीस किलोमीटरवर दुकानं जास्त, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारता येतं. नागपूरला कुणी जात असेल तर सीताबर्डीला विचारायला सांगा, पण फक्त फोन विकायला एसटीचं भाडं घालवू नका. ऑनलाइन जुने फोन घेणाऱ्या कंपन्या तुमच्या पिनकोडला येतात का ते आधी टाकून बघा. येत असतील तर स्क्रीनवरचा भाव हा वरचा भाव समजा. तपासणीला माणूस आल्यावर तो खालीच येतो. एक्स्चेंजमध्ये देताना दोन किमती विचारा: एक्स्चेंज देऊन नवा फोन कितीला, आणि एक्स्चेंज न देता रोखीने कितीला. दोहोंतला फरक हीच तुमच्या जुन्या फोनची खरी किंमत. कागदावर चार हजार लिहिलेला बोनस अनेकदा या वजाबाकीत अडीच हजारांवर येतो.

दीड हजारापेक्षा कमी मिळत असतील तर माझ्या मते विकू नये. मोठ्या स्क्रीनवर धडे बघायला, घरात हॉटस्पॉट म्हणून, रेडिओ असलेल्या फोनवर इयरफोनची वायर लावून बातम्या ऐकायला तो चालतो. अगदीच मेला असेल तर चुलीत किंवा उकिरड्यावर नको. बॅटरी पेट घेते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे जुने फोन गोळा करून पुनर्चक्रणाला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुढच्या वेळी गडचिरोलीला गेलात तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला देऊन या, नाही घेतला तर नियमाचं नाव घ्या.

व्यवहार झाल्यावर

घेणाऱ्याने चिठ्ठीचा फोटो काढून दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवावा. स्वतःच्याच फोनमध्ये ठेवलेला पुरावा फोनबरोबर हरवतो. विकणाऱ्यानेही एक प्रत ठेवावी, कारण उद्या त्या फोनवरून काही भानगड झाली तर बिलावर अजून त्याचंच नाव आहे.

घरातल्या प्रत्येक फोनचे आयएमईआय एका वहीत लिहा, राशनकार्ड जिथे ठेवता तिथे. फोन हरवला किंवा चोरीला गेला तर पोलीस ठाण्यात तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. मग त्याच नंबरचं दुसरं सिम काढा, कारण ओटीपी त्यावरच येतो. त्यानंतर संचार साथीवर आयएमईआय, तक्रारीची प्रत आणि बिल टाकून फोन ब्लॉक करा. मिळणारा विनंती क्रमांक त्याच वहीत टिपा. फोन सापडला तर ब्लॉक काढायला तोच लागतो.